बाई, थांबवा!

सकाळी सहा वाजता, चहाच्याही आधी, पेनड्राइव्ह तपासायचा. आमच्या शाळेत मोबाइलला रेंज मिळते ती मैदानाच्या एका कोपऱ्यात, तीही पाऊस उघडला तर. म्हणून दिवसाचे व्हिडिओ आदल्या रात्री पिरंगुटात घरीच उतरवून ठेवावे लागतात. उद्या नागपंचमी. आज चार तुकडे घेतलेत: परिपाठाला शून्य सावलीचा, आठवीला ‘बल व दाब’चा आणि सातवीला सापांचे दोन. चारही मिळून दहा मिनिटांच्या आत. याहून जास्त पडदा मी एका दिवसात वापरत नाही. पेनड्राइव्हसोबत एक कागद असतो, त्यावर मिनिट आणि सेकंद लिहिलेले. कुठे थांबवायचं, त्याची ती यादी. व्हिडिओ निवडायला फार वेळ लागत नाही. थांबवायची जागा शोधण्यात मात्र रात्रीचा अर्धा-पाऊण तास जातो. माझ्या तासाची खरी तयारी तीच.

नऊला गाडी काढते. पिरंगुटच्या कंपन्यांच्या बस, घोटवडे फाट्याची कोंडी, मग पौड. पौड मागे पडलं की रस्ता मोकळा आणि पाऊस आडवा. दोन्ही बाजूंना भातलावणी जोरात चाललेली. कुणाच्या वावरात किती माणसं वाकलीत हे बघितलं की वर्गात आज कोण नसणार, याचा अंदाज इथूनच येतो. सोमवार असल्यामुळे रस्त्याच्या कडेला शनिवार-रविवारच्या धबधबेवाल्यांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या चार धड बघून डिकीत टाकल्या. मुळशीतल्या विज्ञानाच्या बाईला प्रयोगाचं साहित्य पुण्या-मुंबईचे पर्यटक घरपोच आणून देतात, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

साडेदहाला प्रार्थना, प्रतिज्ञा, आणि मग पावसाचं वाचन. वरचं तोंड कापून उलटं बसवलेल्या सरळ भिंतींच्या बाटलीवर पट्टी चिकटवलीय. रोज सकाळी एक जण मिलिमीटर वाचतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहितो. आज एका पोराने घरून बातमी आणलेली. काकाच्या मोबाइलवर ‘मुळशीत ढगफुटी’ असा व्हिडिओ आलाय, रस्त्यावरून लोंढा वाहतोय. मी काही बोलले नाही. ढगफुटी म्हणायला तासाभरात सुमारे 100 मिलिमीटर पाऊस पडावा लागतो, हे त्यांना जूनमध्येच सांगून झालंय. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “आपली बाटली तर दिवसाचा पाऊस सांगती. तासाचा कुणी मोजला?” पुढचा प्रश्न मागून आला, “त्या व्हिडिओत भात दिसतंय का? लावलंय का नुसतं रोप हाय?” म्हणजे व्हिडिओ कोणत्या महिन्यातला, हे शोधायला ही पोरं शेताकडे बघतात. शहरातल्या मुलाला हे सुचलं नसतं. ढगफुटी झाली की नाही, ते तसंच राहिलं आणि ते योग्यच होतं. याच तालुक्यात ताम्हिणीला 25 जुलै 2024 रोजी चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदवला गेला होता. त्यामुळे ‘असं होऊच शकत नाही’ असंही कुणाला म्हणता येत नाही.

शून्य सावलीचा तुकडा दीड मिनिटाचा आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो; एकदा मेच्या मध्याला आणि एकदा 30 जुलैच्या आसपास, दुपारी पाऊण वाजायच्या थोडं आधी. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. म्हणजे मुळशीच्या शाळेला ही गंमत बघायची तर पडद्यावरच. अशा ठिकाणी व्हिडिओला माझी ना नाही. काठीची सावली आखडत आखडत बुडाशी आली तिथे थांबवलं आणि विचारलं, “दिल्लीच्या शाळेत ही सावली कधी नाहीशी होईल?” बहुतेकांनी तारखा सांगितल्या. कधीच नाही, हे उत्तर मी दिलं नाही. पृथ्वीचा गोल आणि टॉर्च व्हरांड्यात ठेवून दिलाय, दोन दिवसांत कुणीतरी येऊन सांगेल.

सव्वाअकराला आठवी. पटावर एकोणीस, हजर तेरा. आज बराच वेळ इथेच जाणार होता आणि गेलाही.

द्रवाचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, हे शिकवायला जगभर एकच प्रयोग दाखवतात. बाटलीला वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं पाडायची आणि पाणी भरायचं. मी आणलेल्या ॲनिमेशनमध्येही तेच होतं. छान रंगीत टेबल, त्यावर बाटली, तीन भोकांवर बुचं. बुचं निघणार त्या क्षणी मी थांबवलं. वर्गातून ओरड झाली नाही, उलट दोघं-तिघं आधीच म्हणत होते, “बाई, थांबवा! अंदाज घ्या ना.” त्यांना आता सवय झालीय. प्रत्येकाने वहीत तीन धारा काढल्या. नऊ जणांनी सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब काढली, तिघांनी वरची. “वरून पडतंय तर लांब जाणार ना,” असं त्यांचं म्हणणं. एकाने तिन्ही सारख्या काढल्या आणि का ते सांगायला नकार दिला.

मग पुढे चालू केलं. खालची धार लांब गेली, त्याच्या आत मधली, त्याच्या आत वरची. नऊ जण खूश. ‘खोली जास्त, दाब जास्त’ अशी पाटी झळकली आणि संगीत वाजलं. व्हिडिओ संपला.

आता बाटल्या. सकाळी आणलेल्या धुऊन घेतल्या, खिळा तापवून भोकं पाडली: पाणी 24 सेंटिमीटर उंच भरायचं आणि भोकं तळापासून 6, 12 आणि 18 वर. चिकटपट्टी लावली, बाटली सरळ बाकावर ठेवली, कडेने पट्टी मांडली, एकाने वरून पाणी ओतत राहायचं ठरलं. पट्ट्या ओढल्या. बाकावर पाणी पडलं ते असं: मधली धार सगळ्यात पुढे, आणि वरची आणि खालची जवळपास एकाच ठिकाणी.

वर्ग गप्प. मग एकदम गलका. “भोक वाकडं पडलंय.” “खालचं भोक बारीक हाय.” दुसरी बाटली घेतली, दुसऱ्याने भोकं पाडली, तेच. तिसऱ्या गटाने नीट माप धरून पुन्हा केलं, तेच. आता प्रश्न उघड झाला: चूक बाटलीची की व्हिडिओची? एका मुलाने फार शहाणपणाचा मुद्दा काढला. खालची धार सुटतेय जोरात, हे बोट लावलं की कळतं. “पण बाई, ती लगेच बाकाला टेकतीय. तिला पडायला जागाच कुठंय?”

इथे मी फक्त एक वाक्य बोलले: “मग तिला जागा द्या.” बाटली बाकाच्या कडेला आली, पाणी फरशीवर पडू लागलं, आणि खालची धार दोघींना मागे टाकून सगळ्यात लांब गेली. व्हिडिओतला नियम बरोबर होता, चित्र चुकीचं होतं. दाब खाली जास्तच असतो आणि धार जोरातच सुटते. पण ती किती लांब जाईल हे तिला खाली यायला किती वेळ मिळतो, यावरही अवलंबून असतं. बाकाच्याच पातळीवर पाणी पडत असेल तर निम्म्या उंचीवरचं भोक जिंकतं. चित्रकाराने प्रयोग करून बघितला नसावा. हीच चूक छापील पुस्तकांतही कितीतरी ठिकाणी दिसते.

मी हा व्हिडिओ मुद्दाम निवडला होता. बरोबर असलेला व्हिडिओ दाखवला की मुलं मान डोलावतात. पडद्यावरचं आणि बाटलीतलं जुळत नाही, तेव्हा ती पट्टी हातात घेतात. तास संपता संपता एकीने वहीत लिहिलं, ‘व्हिडिओ बनवणाऱ्यांना पत्र’. खाली आकृती, मापं आणि शेवटी ‘आपण बाटली उंचावर ठेवावी ही नम्र विनंती’. पत्र पाठवणार आहोत.

उरलेल्या पाच मिनिटांत धरण. भिंत तळाशी जाड का, हे त्यांनीच सांगितलं. मुळशीचं पाणी नदीच्या वाटेने पूर्वेकडे पुण्याला न जाता सह्याद्री ओलांडून कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, जवळपास 500 मीटर खाली. दहा मीटर पाण्याला साधारण एका वातावरणाइतका दाब, तर भिऱ्याला किती? पन्नास, असं उत्तर आलं आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 मध्ये इथे सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. तो इतिहासाच्या तासाचा विषय. पण पन्नास वातावरणांचा दाब कुणाच्या शेतावरून गेला, हे मुलांच्या घरांत अजून बोललं जातं. मुंबई अनेक वर्षं विजेवर चालली ती अशाच पाण्यावर.

दीडला खिचडी. आणि खिचडी वाढता वाढता वीज गेली. वरच्या परिच्छेदानंतर यावर आणखी काही लिहायला नको.

सव्वादोनला सातवी, साप. टीव्ही बंद, तेव्हा लॅपटॉप. पत्र्यावर पाऊस असा की लॅपटॉपचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचेना. पावसाळ्यात हे नेहमीचंच, आणि मला ते फायद्याचं वाटू लागलंय. आवाज बंद ठेवायचा, चित्र चालू द्यायचं आणि निवेदन मुलांनी करायचं. निवेदक कानात सांगत असला की डोळे आळसावतात.

आधी तो व्हिडिओ, जो दरवर्षी या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर फिरतो: वाटीतलं दूध पिणारा नाग. थांबवलं. भिंतीवर आमचे तीन प्रश्न लिहिलेत: हे कुणी काढलं? याच्या आधी आणि नंतर काय झालं असेल? उलट असतं तर कसं दिसलं असतं? आधी काय झालं असेल, यावर बरीच चर्चा झाली. एकजण म्हणाला, “त्याला तहान लागली असंल.” तेच उत्तर. साप पाणी पितो. दूध त्याचं अन्न नाही. गारुडी सणाआधी त्याला कित्येक दिवस पाण्याशिवाय ठेवतात, मग समोर येईल तो द्रव तो ओढतो. व्हिडिओत ते तहानेचे दिवस नसतात. कॅमेरा वाटी आली की सुरू होतो.

नंतर दुसरा तुकडा, नाग पुंगीसमोर डोलतो तो. पुंगी हलायची थांबली त्या क्षणी व्हिडिओ थांबवला: आता नाग काय करेल? चालू केलं, नागही थांबला. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, “तो गाणं ऐकत नाहीये, पुंगीवर नजर ठेवतोय. मारायला आली तर चावायला.” सापाला बाहेरचे कान नसतात, जमिनीचे हादरे त्याला चांगले कळतात, एवढीच भर मी घातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं गुन्हा आहे, हेही.

हा तास इथे विज्ञानाच्या गुणांसाठी घेत नाही. लावणीच्या दिवसांत बांधावर नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही भेटतात. मुलांना मी घरी एकच वाक्य न्यायला सांगते: चावलं की आधी दवाखाना. सापाच्या किंवा विंचवाच्या दंशावर उपचार घेण्यापासून कुणाला अडवून मंत्रतंत्र करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. ज्यांनी त्या कायद्यासाठी आयुष्य घातलं त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला. सातवीच्या मुलांना हे सांगावं का? मी सांगते.

आणि ताम्हिणी उतरून पलीकडे, महाडची गोष्टही सांगते. तिथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी करत. लाल विंचवाच्या दंशाने माणसं का मरतात ते त्या नोंदींतून उलगडलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध लागू पडलं, आणि सुमारे चाळीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यावर आलं. त्यांचा पहिला लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कुठलाही व्हिडिओ न लावता ही गोष्ट सांगितली की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. वही घेऊन बसणं म्हणजे विज्ञान, हे या मुलांना परग्रहावरच्या रॉकेटपेक्षा लवकर पटतं, कारण विंचू त्यांच्या ओळखीचा आहे.

पावणेचारला पाऊस जरा थांबला. शेवटचा तास सहावी आणि सातवीला मिळून मैदानात. आज खोटा व्हिडिओ बनवायचा. कोपऱ्यात बादली, लांब रेघ, हातात खडे. मोबाइल एकाच्या हाती. खडा फेकायचा, पडला तर ठेवायचा, चुकला तर पुसायचा. बरेच खडे मातीत गेले, पाच-सहा बादलीत पडले. पडलेले तेवढेच एकापाठोपाठ लावले आणि एक जबरदस्त नेमबाज तयार झाला. त्याला स्वतःलाही आपलं कौतुक वाटलं. मग विचारलं, हा व्हिडिओ घरी दाखवला तर आई काय म्हणेल? आणि प्रत्येक तुकडा खरा असताना व्हिडिओ खोटा कसा? सहावीतला एक म्हणाला, “चुकलेलं मोजलंच नाय.”

त्यावर त्यांना पुण्यातली एक चाचणी सांगितली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. चुकलेलंही मोजलं म्हणून हे कळलं. मुलांनी लगेच नाणं मागितलं, घंटा झाली.

पाच ते साडेपाच ऑनलाइन माहित्या भरायच्या. यावर लिहिण्यासारखं काही नाही. प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

रात्री साडेआठला परवाच्या, म्हणजे नागपंचमीनंतरच्या दिवसाच्या व्हिडिओंच्या शोधाला बसते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावर नेतो, तिथलं काही चांगलं, काही नुसतं फळ्याचं चित्रीकरण. माझा हात बहुतेक वेळा अरविंद गुप्तांच्या फितींकडेच जातो. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, पु. ल. देशपांड्यांच्या नावाची आठवण ठेवणाऱ्या ‘पुलस्त्य’ इमारतीत, 2003 पासून दशकभर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या मिनिट-दीड मिनिटाच्या फिती बनवल्या, मराठीसकट अनेक भाषांत, आणि सगळ्या फुकट उघड्या ठेवल्या. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या फितींचा मोठेपणा मला त्यांच्या तोकडेपणात वाटतो. स्ट्रॉ, काडी, बाटली, हात. चेहरा नाही, भाषण नाही. बघून झालं की मूल उठतं आणि स्ट्रॉ शोधायला जातं.

याच्या अगदी उलट, अलीकडचे विकतचे व्हिडिओ. सगळं गुळगुळीत समजावून सांगतात. डेरेक मुलरने सिडनी विद्यापीठात 2008 साली पूर्ण केलेला प्रबंध याच प्रश्नावर आहे; पुढे ‘व्हेरिटासियम’ या वाहिनीमुळे तो जगभर माहीत झाला. त्याला आढळलं ते असं: सरळ समजावणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना ‘स्पष्ट’ आणि ‘सोपा’ वाटला, पण त्यांचे गुण फारसे हलले नाहीत. ज्या व्हिडिओत आधी लोकांची चुकीची समजूत मांडून मग ती तपासली होती, तो ‘गोंधळाचा’ वाटला, डोक्याला ताण पडला, आणि गुण मात्र वाढले. कारण उघड आहे. सोपा व्हिडिओ बघताना मूल आपल्याच डोक्यातली जुनी समजूत तिथे चिकटवतं आणि ‘हे तर मला माहीतच होतं’ म्हणतं. आज सकाळी खालची धार लांब काढणारे नऊ जण तसेच खूश झाले होते, चुकीच्या चित्रावर.

दहाला कागदावर परवाचे सेकंद लिहिले आणि लॅपटॉप मिटला.

जाता जाता एक विनंती. पिरंगुटच्या उद्योगांकडून, पुण्यातल्या मंडळींकडून शाळांना टीव्ही भेट देण्याचा ओघ चांगला आहे, तो थांबू नये. पण द्यायचाच तर टीव्ही बराच लहान घ्या. वाचलेल्या पैशांत एक इन्व्हर्टर, डझनभर मोजपट्ट्या, एक तराजू आणि एक टॉर्च येईल. आणि मराठीत विज्ञानाचे व्हिडिओ बनवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना: उत्तराच्या आधी दहा सेकंद काळा पडदा ठेवा, आणि बाटली टेबलावर ठेवण्याआधी एकदा स्वतः पाणी भरून बघा.